चार लेकरांची राखण

आमच्या शेळगावात भागाक्काचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगतात, की तिच्या घरात एक बाळ झोपेत गेलं. गोष्ट खरी आहे. मला ती आधीपासून माहीत होती, आणि माहीत असूनही मी माझी चार महिन्यांची मुलगी तिच्याकडे ठेवली. त्यावरून मला पुष्कळांनी बोल लावले. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून मी कुणाला उत्तर दिलं नाही. पण त्या एका गोष्टीपलीकडे भागाक्का पुष्कळ होती. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे. जमेल तसं लिहिते.

भागाक्का फाट्याजवळ राहायची. पत्र्याच्या दोन खोल्या. उंच, वाळलेली, गुडघ्यात जराशी वाकलेली, आणि चालणं असं की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. पुढं तिच्या भावांनी मेंढरं विकली, एकानं डाळिंब लावलं, एक कारखान्यात लागला. भागाक्काला दुसरं काही येत नव्हतं. तिचा मुलगा पुण्याकडे गाडीवर ड्रायव्हर. मग लोणी देवकरच्या कंपन्यांत गावातल्या बायका जायला लागल्या तेव्हा तिनं त्यांची तान्ही सांभाळायला घेतली. सकाळी कंपनीची बस फाट्यावर यायची, त्याच्या आधी लेकरं भागाक्काच्या ओट्यावर पोचती करायची आणि संध्याकाळी उतरलं की घ्यायची.

माझ्या घरी सासरे अर्धांगवायूनं अंथरुणावर होते. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यांना उठवता-बसवता दिवस पुरत नव्हता. त्यात तान्हं लेकरू त्यांच्यावर टाकणं शक्य नव्हतं, आणि नवऱ्याच्या एकट्याच्या मजुरीत भागत नसल्यानं माझं कामावर जाणंही टळण्यासारखं नव्हतं.

भागाक्काचं नाव मला शोभानं सुचवलं. शोभा कंपनीत माझ्याच टेबलावर पॅकिंगला असायची. आणि जे बाळ गेलं ते शोभाचंच होतं. तीन महिन्यांचा मुलगा. मी बाळंतपणाच्या रजेवर असताना ती बघायला आली. ईश्वरीला मांडीवर घेतलं नाही, नुसती बघत बसली. उठताना म्हणाली, "कामावर येणार असशील तर भागाक्काकडंच ठिव."

मी ईश्वरीला जवळ ओढून घेतलं.

"तुला कुणी सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "मीच सांगितलं हुतं तिला, त्याला पालथं घाल म्हणून. उताणा निजायचाच न्हाय तो. दचकायचा, उठायचा. घरी बी मी पालथाच घालायची. तिनं माझं ऐकलं, येवढंच. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, नक्की कशानं गेला ते सांगता येत न्हाय, पण तान्ह्याला पालथं निजवू नये. गावानं तिला नाय नाय ते बोललं. सटवाई म्हणलं, करणी म्हणलं. ती येका शब्दानं बोलली न्हाय की शोभानं सांगितलं हुतं म्हणून."

"आणि तू?"

"मी बी न्हाय बोलले," शोभा म्हणाली. "सासरी कळलं असतं तर मला ठिवली नसती."

त्या दिवसापासून मला जी भीती बसली ती ईश्वरी रांगायला लागेपर्यंत गेली नाही. आणि तरी दुसरं घर दिसत नव्हतं. मला असंही वाटत होतं की ज्या बाईनं हे एकदा बघितलं ती डोळ्यात तेल घालून बसेल.

पहिल्या दिवशी ओट्यावर गेले तर भागाक्कानं मुलीचं नाव विचारलं नाही. तिनं विचारलं, "घरी कशी निजती?"

मी हळूच म्हणाले, "उताणी."

"मोठ्यानं सांग. आन् खरं सांग."

मग मी सांगितलं, की आत्याबाई तिला कुशीवर निजवतात आणि डोक्याखाली राळ्याची उशी ठेवतात, डोकं गोल व्हावं म्हणून. ती उशी मी पिशवीतून आणलीही होती. भागाक्कानं ती हातात घेऊन दाबून बघितली आणि परत माझ्या पिशवीत घातली. मग ईश्वरीची कुंची काढली. गळ्यातला ताईत दोऱ्यासकट काढून तिच्या पायात बांधला.

"आत्याबाई रागावतील," मी म्हणाले.

"नजर गळ्यालाच लागती व्हय? पायातनं बी राखंल की ताईत."

दारामागं चार खिळे होते. चार लेकरांच्या चार कुंच्या त्यांवर टांगायच्या. चारपेक्षा जास्त लेकरं ती घेत नसे. लोक जास्तीचे पैसे देऊ करत, तालुक्याच्या ओळखी काढत. ती म्हणायची, "माझ्या ध्यानात चारच श्वास राहत्यात. पाचवं आलं की येक निसटतं."

खोलीत जाड सतरंजी दुमडून घट्ट अंथरलेली असायची. तिच्यावर चौघं ओळीनं, उताणी. उशी नाही, मऊ गोधडी नाही, तोंडाशी फडकं नाही. उन्हाळ्यात पत्र्यावर भिजवलेली पोती टाकायची, कारण खोली तापलेली तिला सोसत नसे. ओळीच्या पायाशी एक घमेलं उपडं घालून ती त्यावर बसे. भिंतीला टेकून कधी बसली नाही. पाठ टेकली की डोळा लागतो, म्हणायची. दुपारी भात खायची नाही, भातानं झापड येते म्हणून. अर्धी भाकरी आणि कच्ची मिरची. जवळ पाण्याचा तांब्या. थोड्या थोड्या वेळानं हाताची मागली बाजू ओली करायची आणि एकेका नाकापाशी धरायची. ओल्या कातडीला बारीकसा श्वासही गार लागतो. मेंढीचं आजारी कोकरू जगतंय की नाही हे बघायची ती तिच्या आईची पद्धत. मी हे घरी करायला लागले. रात्री किती वेळा हात भिजवला असेल याची गणती नाही.

एरवी ती बोलायला तिखट होती. लेकरांना ती मेंढरांसारखीच हाळी घालायची, हुर्र हुर्र करून. एकदा एक आई हसत म्हणाली, "अक्का, आमची काय मेंढरं हायत का?"

"मेंढरं असती तर वर्साला दोनदा लोकर तरी गावली असती. ही नुसती मुतत्यात."

पण तिच्या बोलण्यात मेंढरू सारखं यायचं. एकदा बसला उशीर होता, मी ओट्यावर थांबले होते, तेव्हा ती आपणहून बोलली. म्हणाली, "लोकर वाढल्यालं मेंढरू कवा कवा पाठीवर पडतं. मग त्याला उठता येत न्हाय. पाय वर करून पडतं, पोट फुगतं, आन् कुणी बघितलं न्हाय तर मरतं. लहानपणापासनं आमास्नी सांगितल्यालं, उताणं दिसलं की पळ, सरळ कर. म्हणून ल्येकरू उताणं बघितलं की माझ्या जिवात कसं तरी व्हायचं. शोभानं तुला सांगितलंच असंल, ती पालथं घाल म्हणली, तर मला बरंच वाटलं." मग तिनं आतल्या ओळीकडे वळून बघितलं. "मेंढराचं येगळं आन् माणसाचं येगळं. हे मला येक ल्येकरू गेल्यावर कळलं."

एवढंच. त्यानंतर त्या बाळाविषयी ती माझ्याशी कधी बोलली नाही.

कंपनीत मोबाइल कपाटात ठेवावा लागायचा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, शेळगावात काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. खोकी चिकटवता चिकटवता मनातल्या मनात मी खोलीत जायची, चौघांची ओळ बघायची, ईश्वरीचं पोट वर-खाली होताना बघायची. एकदा सुपरवायझरनं लांबून माझं नाव घेतलं आणि म्हणाला, गेटवर जा, बोलावलंय. टेबलापासून गेटपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. चप्पल कुठं निघाली तेही नाही. गेटवर एक माणूस कागद घेऊन उभा होता, त्याला माझी सही हवी होती, फंडाच्या फॉर्मवर. मी सही केली ती वाचता येण्यासारखी नव्हती. परत आले तर शोभा माझी चप्पल हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "मला बी असंच बोलावलं हुतं." मग आम्ही दोघी खोकी चिकटवायला लागलो.

पाचव्या महिन्यात ईश्वरीचं डोकं मागून डाव्या बाजूला बसल्यासारखं दिसायला लागलं. न्हाऊ घालताना आत्याबाईंच्या हाताला लागलं. मानही ती सारखी डावीकडेच ठेवायची. उजवीकडे वळवायला गेलं तर रडायची.

"हे तुझ्या भागाक्कानं केलं," आत्याबाई म्हणाल्या. "ल्येकरू दिवसभर उताणं टाकून ठिवती, दगडावर ठिवल्यागत. पोरीची जात हाय. उद्या केस ओढून बांधलं की चपटं डोकं दिसंल सगळ्यास्नी. तिला पालथं घालायचं सांग, न्हाय तर मी येऊन सांगती."

त्या खरंच दुसऱ्या दिवशी राळ्याची उशी घेऊन माझ्याबरोबर ओट्यावर आल्या. भागाक्का दारात उभी राहिली. आत येऊ दिलं नाही.

"माझ्या नातीला पालथं घालायचं," आत्याबाई म्हणाल्या.

"निजताना न्हाय."

"ल्येकरू कुणाचं?"

"तुमचं. तुमचं हाय तर घिऊन जावा. माझ्या खोलीत हाय तवर उताणंच निजंल."

"डोकं बघितलंस का तिचं?"

"बघितलंय. डोकं चपटं झालं तर नवऱ्याच्या घरी काय भाकरी थापायची हाय का त्याच्यावर? जित्तं तर ऱ्हाऊ द्या."

आत्याबाई परत गेल्या, पण गावात बोलत गेल्या. आठवड्यात दोन लेकरं भागाक्काकडून निघाली. दोन खिळे रिकामे झाले. मला वाटलं भागाक्का वाकेल. ती वाकली नाही, पण घाबरली होती हे मला कळलं, कारण तिनं स्वतःच विचारलं, "गुरुवारी सुट्टी हाय ना तुला? बारामतीला चल. डॉक्टरला दाखवू. माझं चुकत असंल तर मला बी कळू दे."

एसटीनं आम्ही बारामतीला गेलो. लहान मुलांचे डॉक्टर, गर्दी पुष्कळ. आत गेल्यावर सगळं भागाक्कानं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही आजी का?"

"न्हाय. राखणदार."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ईश्वरीची मान हळूहळू दोन्हीकडे वळवून बघितली. म्हणाले, की एकाच बाजूला बघून बघून मानेची शीर आखडली आहे आणि डोकं त्याच जागी टेकून तिथं चपटं झालंय. वाढीला, बुद्धीला त्यानं काही होत नाही, लहान आहे तोवर सुधारतं. मानेचा व्यायाम दाखवला. जागी असेल तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा पोटावर घाला, म्हणाले, पण कुणीतरी समोर बसायचं. हात, खांदे, मान तयार होते. झोपताना मात्र उताणीच.

"निजल्यावर उताणी," भागाक्का म्हणाली. "परत येकदा सांगा. ह्या पोरीकडं बघून सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून परत सांगितलं.

गाडीत बसल्यावर भागाक्का म्हणाली, "माझ्याकडं तर मी रोज डोकी फिरवती. येक दिस दाराकडं, येक दिस आतल्या भिंतीकडं. उजेडाकडं बघायला त्यास्नी मान दोन्हीकडं करावी लागती. मग ही डावीकडंच का ऱ्हाती? तुझ्या घरी बघू दे."

ती आमच्या घरी कधी आली नव्हती. आली, चप्पल काढली, आत्याबाईंना नमस्कार केला आणि मधल्या खोलीत ईश्वरीचं अंथरूण असायचं तिथं जाऊन बसली. अंथरूण उत्तरेच्या भिंतीला लागून. डोकं पूर्वेला. दुसऱ्या बाजूला सगळी खोली उघडी, सासऱ्यांची खाट, आणि पलीकडे माझा गॅसचा कट्टा.

"हितं कायम अशीच निजती?"

"मग कशी?" आत्याबाई म्हणाल्या. "दक्षिणेला पाय करून निजवू का, यमाकडं? आन् पूर्वेला पाय केलं तर देव्हाऱ्याला लागत्यात."

देव्हारा पूर्वेच्या भिंतीलाच होता. लेकराला डोकं ठेवायला त्या भिंतीलगत एकच दिशा उरली होती. उजवीकडे भिंत, डावीकडे मी. रोज पहाटे आणि संध्याकाळी मी कट्ट्याशी उभी, आणि ती मान वळवून माझ्याकडे बघत पडलेली.

भागाक्कानं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा कट्ट्याकडे. मग मला म्हणाली, "तुलाच बघती गं सारखी. दिवसभर नसतीस ना."

मला तिथं उभं राहवेना. मी आतल्या खोलीत गेले. बाहेर त्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"देव हलवा," भागाक्का म्हणत होती.

"तुझ्या घरचं हलीव."

"माझ्या घरी देव लुगड्यात बांधूनच फिरत हुते. मेंढरांमागं, ह्या वाड्यावरनं त्या वाड्यावर. कदी रागावलं न्हाईत."

मी दारातून वाकून बघितलं. सासऱ्यांना नीट बोलता येत नव्हतं, पण त्यांनी खाटेवरून चांगला हात वर केला आणि आतल्या खोलीकडे दाखवला. दोनदा दाखवला. आत्याबाई त्यांच्यावरच चिडल्या, "तुमी गप पडा. तुमाला काय कळतंय."

चार दिवसांनी मी कामावरून आले तर देव्हारा आतल्या खोलीत होता. उदबत्ती लावलेली. आत्याबाई पीठ चाळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हितं उंदरं लई झाली हुती." त्या दिवसापासून ईश्वरी एक दिवस इकडे डोकं करून, एक दिवस तिकडे डोकं करून निजायला लागली, आणि कुशीवर निजवणंही बंद झालं. मान हळूहळू सैल झाली. निघून गेलेल्या दोन लेकरांपैकी एक परत आलं, एक नवं आलं. चारी खिळे भरले.

त्यानंतर भागाक्काचं आमच्या घरी येणं-जाणं झालं असतं, आणि मी हे हसत लिहिलं असतं. पण ईश्वरी सहाव्या महिन्यात पालथी पडायला लागली.

डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं, की लेकरू आपलं आपण दोन्हीकडे उलटायला लागलं की निजवताना उताणं निजवा, मग ते झोपेत कसंही वळलं तरी राहू द्या. पण ईश्वरीला पालथं पडता यायचं, परत सरळ व्हायला अजून नीट येत नव्हतं. आणि भागाक्काला ते 'राहू द्या' कधीच पटलं नाही. ईश्वरी वळली की ती उठून तिला उताणी करायची. परत वळली की परत. मी संध्याकाळी गेले की तिचे डोळे लाल असत. म्हणायची, "तुझ्या पोरीनं आज पंधरा येळा उठवलं." सांगताना हसायची, पण ओळीवरची नजर काढायची नाही. रात्रीही तिला झोप लागत नाही असं शेजारीण म्हणायची. मला ते दिसत होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं सांभाळायचं सोडलं असतं, आणि मग मी काय केलं असतं.

एक दिवस कंपनीत ट्रान्सफॉर्मर जळाला. आम्हाला अर्ध्या दिवसानं सोडलं. दुपारी दोनच्या सुमाराला मी फाट्यावर उतरले. बाकीच्या बायका घराकडे भाकरी खायला गेल्या, मी सरळ भागाक्काकडे.

दार उघडं होतं. भागाक्का घमेल्यावर बसलेली होती आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलेलं होतं. तोंड जरासं उघडं. ती झोपली होती. मी तिला कधी टेकलेली बघितली नव्हती, म्हणून आधी कळलंच नाही.

मग ओळ बघितली. तीन लेकरं उताणी. ईश्वरी पालथी, तोंड सतरंजीत, दोन्ही हात अंगाखाली. हलत नव्हती.

मी भागाक्काच्या पायांवरून आत गेले. ईश्वरीला उचललं तर ती सैल लागली, भिजवलेल्या फडक्यासारखी. तोंड लालभडक, गालावर सतरंजीचे वळ. केस घामानं चिकटलेले. मी तिला हलवलं की नाही ते आठवत नाही. तिनं एकदम श्वास ओढला, असा की सगळं पोट आत गेलं, आणि ती रडायला लागली.

त्या रडण्यानं भागाक्का जागी झाली.

तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पोरीकडे बघितलं. आधी तांब्यात हात घातला आणि बाकीच्या तिघांच्या नाकापाशी धरला, एकेकाच्या, नीट थांबून. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"किती येळ हुती अशी?"

"मी आत्ताच आले."

"मला ठाव न्हाय," ती म्हणाली. "मला ठाव न्हाय किती येळ."

मी खाली बसले. ईश्वरी रडून रडून प्यायला लागली आणि पीत पीत झोपली. तिला काही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बारामतीला दाखवलं, डॉक्टर म्हणाले, चांगली आहे. अजूनही मला वाटतं की ती नुसती गाढ झोपली असेल, आपणहून वळून, आणि मी नसते आले तरी उठली असती. आणि कधी वाटतं तसं नसेल. ते कुणालाच माहीत नाही.

मी भागाक्काला म्हणाले, "अक्का, मी कुणाला सांगणार न्हाय."

माझ्या मनात खरंच तसंच होतं. त्यात तिच्यावरची माया होती, आणि उद्या पोरगी कुठं ठेवायची हेही होतं. दोन्ही होतं.

"तू नगं सांगू," ती म्हणाली. "मी सांगती."

"शोभाचं तर तुमी गावाला कधी सांगितलं न्हाय."

"ते शोभाचं हुतं. हे माझं हाय."

तिन्ही आयांना तिनं त्याच दुपारी बोलावून घेतलं. ओट्यावर उभी राहून सांगितलं, की माझा डोळा लागला, हिची पोरगी पालथी पडली, मला कळलं नाही, मी आता लेकरं घेत नाही. एकजण तिला नको ते बोलली. 'पहिलं खाल्लंस ते पुरलं न्हाय का' असंही बोलली. भागाक्कानं दारामागच्या कुंच्या काढून ज्याच्या त्याला दिल्या, आणि देताना प्रत्येकीला तिच्या लेकराचं सांगितलं. ह्याला दूध पाजल्यावर लगेच आडवं करू नका. ही तोंडावर फडकं ओढून घेती, जवळ ठेवू नका. ह्याची मान उजवीकडं जाती. शिव्या देणारी बाईसुद्धा सांगणं संपेपर्यंत थांबली.

मी शेवटची. मला म्हणाली, "तुझी वळती. आता जिमिनीवरच निजव. आन् तू झोप काढ. आपण दोघी जाग्या ऱ्हाऊन चालत न्हाय."

मी काम सोडलं. उसनवारी करून आठ महिने घरी होते. ईश्वरी रांगली, उभी राहिली. मधल्या काळात दोन-तीनदा भागाक्काकडे गेले. ती ओट्यावर बसवायची, चहा द्यायची, पण पोरीला जवळ घ्यायची नाही. ईश्वरी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायला जायची, तर ती हात मागं घ्यायची. "आता मी कुणाच्या ल्येकराला हात लावायची न्हाय," म्हणायची. पुढं ती डाळिंबाच्या शेडवर प्रतवारी करायला जायला लागली. शोभा तिच्यासाठी कधी भाजी, कधी साडी पाठवायची. भागाक्का घ्यायची, पण शोभाच्या घरी गेली नाही.

ईश्वरी आत्याबाईंच्या मागं मागं चालायला लागली तेव्हा मी परत कामावर लागले, त्याच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. सकाळची बस फाट्यावर थांबली होती, अजून दोघीजणी यायच्या होत्या. मी खिडकीशी. रस्त्यापलीकडे भागाक्का शेडच्या टेम्पोची वाट बघत उभी होती, डब्याची पिशवी खांद्याला. तिच्या शेजारी एक तरुण बाई, लोणी देवकरला परराज्यातली माणसं कामाला येतात त्यांपैकी असावी. तिच्या खांद्यावर महिन्या-दीड महिन्याचं बाळ, कापडात गुंडाळलेलं. भागाक्का तिला काहीतरी सांगत होती आणि त्या बाईला मराठी कळत नव्हतं, ते तिच्या तोंडावरून दिसत होतं. भागाक्कानं परत सांगितलं. बाई हसली, मान हलवली, कळलं नाही.

मग भागाक्कानं पिशवी खाली ठेवली. बाळाला हात लावला नाही. आपला उजवा हात पुढे धरला, तळवा खाली, आणि जोरात नाही नाही अशी मान हलवली. मग हात उलटा केला, तळवा वर, बोटं जराशी मिटलेली, आणि तो तसाच तिच्यासमोर धरून ठेवला. ती बाई हसायची थांबली. हाताकडे बघायला लागली.

आमची बस सुटली. वळणापर्यंत मी मागं बघत होते. टेम्पो येऊन तिच्यापाशी थांबला होता, हॉर्न वाजवत होता, आणि भागाक्काचा हात अजून खाली आला नव्हता.